वरचे नऊशे

मराठी माणूस विजापूरला पहिल्यांदा जातो तो चौथीत असताना, इतिहासाच्या पुस्तकातून. त्या विजापुरात कुणी राहत नाही. तिथून फक्त निघतात. फर्मानं निघतात, फौजा निघतात, मिशीला पीळ देत सरदार निघतात. गावात एकच दरबार असतो, तो बारा महिने भरलेला असतो आणि त्याच्या मधोमध तबकात विडा ठेवलेला असतो. गावाला पाणी कुठून येतं, बाजार कुठल्या वारी भरतो, संध्याकाळी माणसं कुठं फिरायला जातात, याची चौकशी पुस्तक करत नाही. आपणही करत नाही. परीक्षेला येत नाही ते.

प्रत्यक्ष जायचं मात्र राहून जातं. आम्ही मूळचे सोलापूरचे. सोलापूर ते विजापूर शंभरेक किलोमीटर. जुन्या सोलापुरात विजापूर वेस आहे, म्हणजे तिकडं जायला गावानं दारसुद्धा करून ठेवलेलं. पण त्या दारातून आमच्या घरातलं कुणी फिरायला म्हणून गेल्याचं ऐकिवात नव्हतं. लांबच्या गावांचं बरं असतं. तिकिटं काढावी लागतात, रजा टाकावी लागते, त्यामुळं जाणं होतं. जवळच्या गावाला कधीही जाता येतं, आणि 'कधीही' हा वार कालनिर्णयात छापत नाहीत.

योग आला तो भाच्यामुळं. नाताळच्या सुट्टीत तो आजोळी आला होता आणि चौथीत होता. चौथीतल्या मुलाला घरात ठेवणं म्हणजे गडावर शिबंदी ठेवणं. सकाळी गादीच्या वळकट्यांचा प्रतापगड व्हायचा, दुपारी पन्हाळ्याचा वेढा पडायचा, आणि शत्रू म्हणून रोज मलाच घेतलं जायचं. शेवटी बाबा म्हणाले, "याला खऱ्या शत्रूकडं घेऊन जाऊ. म्हणजे तू सुटशील."

ठरल्यावर प्रत्येकाचं विजापूर वेगळं निघालं. भाच्याची यादी तयार होती: अफझलखानानं विडा उचलला तो दरबार, खानाचा वाडा, आणि कट शिजायचे ती खोली. "म्हणजे स्वयंपाकघरच की," आई म्हणाली. आईची मागणी सावलीची आणि बसायला दगड असण्याची. दापोलीहून आलेल्या आत्याला बाजार बघायचा होता. मुलीला फोटो हवे होते, पण ज्यात आम्ही नसू असे. बायको गाणं शिकलेली, तिनं कुठंतरी वाचलं होतं की तिथला एक बादशहा तंबोरा वाजवायचा. आणि बाबा? ते सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ग्रंथालयातलं जुनं गॅझेटियर उघडून वहीत टिपणं काढली. डावीकडं सन, उजवीकडं रक्कम.

भीमा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं बदलतात. जमीन काही बदलत नाही. तीच काळी माती, तीच ज्वारी, तेच तुरीचे पट्टे. भाचा खिडकीला नाक लावून शत्रूच्या मुलखाची खूण शोधत होता. त्याला एक म्हैस दिसली. तीही आपल्यासारखीच होती.

गोल घुमट मात्र आधी वर्दी देतो. गाव यायच्या कितीतरी आधी तो क्षितिजावर येऊन बसतो आणि मग हलत नाही. जवळ गेल्यावर मान मागं टाकावी लागते. चारी कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, आणि मध्ये बाहेरून 44 मीटर व्यासाचा एकच एक घुमट, आत एकाही खांबाचा आधार न घेता उभा. घुमट खालच्या बाजूला दगडी पाकळ्यांतून उमललेला आहे, हे आमच्यात सर्वांत आधी मुलीनं पाहिलं. तिनं फोटो काढला. त्यात आम्ही नव्हतो.

हे सगळं महंमद आदिलशाहानं स्वतःची कबर म्हणून, स्वतःच्या हयातीत बांधायला घेतलं. 1627 ते 1656 हा त्याचा काळ. "म्हणजे जवळजवळ सगळी नोकरी यातच गेली," बाबा म्हणाले. शिल्पी म्हणून याकूत दाबुली हे नाव सांगतात, असं त्यांनी वहीतून वाचलं मात्र, आत्या जागच्या जागी थांबली. "दाबुली म्हणजे? आमचं दाभोळ?" दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं बंदर, त्यामुळं तिचा तर्क रास्तच होता. पण त्या क्षणापासून आत्यानं गोल घुमट माहेरच्या माणसानं बांधलेल्या घरासारखा दाखवायला घेतला. "बघा, भिंत कशी घेतलीय ती. दाभोळकडच्या माणसाचं काम असंच असतं." दापोली तिचं सासर आहे आणि दाभोळ तिच्या तालुक्यात येतं, एवढं नातं तिला पुरलं.

वर जायचा जिना मनोऱ्यातून जातो. पायऱ्या उंच, वाट अरुंद, उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांच्या अंगाला चिकटून जायचं. आई खाली बसणार होती. पण तिच्याएवढ्याच वयाची एक कानडी बाई पदर खोचून चढताना दिसल्यावर ती उठली. वाटेत प्रत्येक मजल्यावर दोघी थांबल्या, एकमेकींकडं बघून गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं गेल्या. आईची विजापुरातली पहिली ओळख ही अशी झाली.

घुमटाच्या आत, जमिनीपासून शंभराहून जास्त फुटांवर, गोल सज्जा आहे. भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं. मोठ्यानं बोललेलं परत येतं, सात वेळा येतं म्हणतात. पण खरी मजा पुढंच आहे. जगातला इतका मोठा प्रतिध्वनी फुकट हाती आला की माणसाला बोलायला काही सुचत नाही. आम्ही गेलो तेव्हा सज्जात दीडेकशे माणसं होती. त्यांतले निम्मे 'ओ' म्हणत होते आणि उरलेले 'ए'. काहींनी टाळी वाजवली. एका गृहस्थांनी शिंकून घेतलं. रखवालदारानं शिट्टी फुंकून शांत करायचा प्रयत्न केला, तर तीच शिट्टी घुमटात फिरून फिरून त्याच्या कानांवर आली. मग त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि "चिल्लाना नक्को, आहिस्ता बोलो, सब सुनाई देता" असं प्रत्येकाच्या जवळ जाऊन सांगायला सुरुवात केली. हाच त्या वास्तूचा खरा उपयोग आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं नसावं.

बाबांनी प्रयोग शिस्तीत करायचा ठरवलं. आईला समोरच्या टोकाला उभं केलं, स्वतः अलीकडं राहिले, भिंतीला तोंड लावलं. महंमद आदिलशाहाच्या कारागिरांनी दगड-चुन्यात साधलेला तो चमत्कार बाबांनी पुढील वाक्यासाठी वापरला: "सकाळची गोळी घेतलीस का?"

पलीकडून आईचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा आला. "घेतली. ओरडताय कशाला?"

भाच्यानं मात्र घोषणा घरूनच ठरवून आणली होती. त्यानं कठडा धरला, छाती भरून घेतली आणि शत्रूच्या घुमटात आवाज टाकला, "जय भवानी!"

शाळेत याच्यावर सगळा वर्ग 'जय शिवाजी' म्हणतो. घुमट 'जय भवानी'च म्हणाला. एकदा, दोनदा, विरत विरत कितीतरी वेळा. भाचा थोडा थांबला. मग बाकीचं त्यानं स्वतःच पूर्ण केलं, "जय शिवाजी!" घुमटानं तेही जसंच्या तसं, एक मात्राही न गाळता म्हणून दाखवलं. त्याची पंचाईत झाली. घोषणा देणाऱ्याला समोरून थोडा तरी विरोध लागतो. इथं शत्रू पहिल्या हाकेला मान्य करत होता, तेही सात वेळा. तेवढ्यात पलीकडून एका कानडी शाळेच्या पोरांनी त्यांच्या सिनेमातल्या नटाचं नाव घेतलं. घुमटानं त्यालाही तेवढाच मान दिला. मग परतफेड म्हणून आमच्या भाच्यानं त्या नटाचं नाव घेतलं आणि त्या पोरांनी 'जय शिवाजी'. रखवालदार भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं की हे त्यानं काल पाहिलं नव्हतं.

खाली चौथऱ्यावर कबरी आहेत. महंमद आदिलशाह, त्याच्या बेगमा, लेक, नातू आणि रंभा नावाची त्याची लाडकी नर्तकी. आपल्याला दिसतात त्या वरच्या खुणा, खऱ्या कबरी त्याखाली तळघरात. तिथं उभं राहिलं की डोक्यावर नुसती पोकळी राहते. भाचा बराच वेळ वर बघत राहिला. मग माझी बाही ओढून, आवाज न घुमेल इतक्या हळू म्हणाला, "मामा, हे एवढं मोठं होतं?"

"हो."

"आणि महाराज याच्याशी भांडले?"

बाबांनी वही उघडली. 1656 साली नोव्हेंबरात महंमद आदिलशाह वारला आणि इथं आला. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती, मोऱ्यांकडून रायरी घेतली होती. त्या रायरीचा पुढं रायगड झाला. महाराज तेव्हा सव्वीस वर्षांचे. भाच्यानं पुन्हा वर पाहिलं. पुस्तकात चित्र असतं चार बोटांचं, त्यात खान मोठा आणि घुमट मागं लहानसा. खरा आकार कळला तो इथं. त्याच्या मनातले महाराज त्या दिवशी कमी झाले नाहीत. बहुतेक दोनेक मजले वाढलेच.

जेवायला खानावळीत गेलो. आईनं दशम्या आणल्या होत्या, पण ताटात तीळ लावलेली कडक भाकरी, एण्णगाई, शेंगांची चटणी आणि घट्ट दही आल्यावर दशम्यांचा विषय कुणी काढला नाही. भाकरी वाढणाऱ्या बाईला आईनं काहीतरी विचारलं, बाईनं उत्तर दिलं, दोघी हसल्या, आणखी भाकरी आली. भाच्याचा घास हातातच राहिला. "आजी, तुला त्यांची भाषा येते?" आईचं माहेर अक्कलकोटकडचं. कानडी तिला लहानपणापासून येते. ती सोलापुरात रोज भाजीवालीशी बोलते. पण आपल्या आजीला शत्रूची भाषा येते आणि ती इतके दिवस गप्प राहिली, हा त्या पोराला फितुरीचाच प्रकार वाटला.

"अरे, शत्रूची भाषा ही नव्हेच," बाबा म्हणाले. "दरबारात फारसी. गावात कानडी आणि दखनी. आणि हिशेब?" इथं त्यांनी आवंढा गिळला, कारण मुद्दा त्यांच्या खात्याचा होता. पहिला इब्राहीम आदिलशाह 1534 मध्ये गादीवर आला. त्यानं वसुलीचे हिशेब फारसीतून काढून इथल्या देशी भाषेत आणले आणि कामाला ब्राह्मण कारकून नेमले. "म्हणजे तलवारी त्यांच्या, पण खतावणी आपली," बाबा म्हणाले, आणि जणू त्या खतावणीवर स्वतःची सही असावी अशा तोऱ्यात त्यांनी दही ओढून घेतलं. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा, हेही त्यांनी तिथंच दाखवलं. कागदी रुमालांचे दोन चौरस एकमेकांवर तिरके ठेवले. आठ टोकं झाली. कमानी अशा एकमेकींना छेदत गेल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनाचं वर्तुळ करायला फारसं काही उरत नाही. वाढणाऱ्या बाईनं त्या आठ टोकांच्या मधोमध आणखी एक भाकरी ठेवली. घुमट पूर्ण झाला.

भाच्याला मात्र दरबार हवा होता. गगन महालाकडं नेलं. 1561 च्या सुमारास पहिल्या अली आदिलशाहानं बांधलेला. खाली दरबार, वर राहण्याची दालनं. लाकूडकाम आणि छत केव्हाच गेलेलं, समोरची प्रचंड कमान तेवढी आकाश धरून उभी. याच महालात 1686 साली शेवटचा सिकंदर आदिलशाह औरंगजेबापुढं उभा राहिला असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा कमानीखाली एक माणूस तोंडावर टोपी घेऊन झोपला होता.

"विडा कुठं ठेवला होता?" भाच्यानं विचारलं.

आता हे कोण सांगणार? हाच तो दरबार की दुसरा, हे पुस्तकात नाही. पण पोराचा चेहरा बघून आत्यानं पिशवीतून पानाचा डबा काढला. दोन पानं पुसली, चुना लावला, कात, सुपारी, बडीशेप, वर लवंग टोचली. दशम्यांच्या डब्याच्या झाकणावर तो विडा ठेवून तिनं झाकण गवतावर मधोमध ठेवलं. "घ्या. उचला कुणी उचलतो तो."

भाचा दोन पावलं पुढं आला. वाकला. आणि तसाच थांबला. विडा उचलायचा म्हणजे महाराजांवर चालून जायचं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो मागं सरकला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रोजचा शत्रू असूनही मी मान हलवली. बायको हसून दुसरीकडं बघू लागली. विडा समोर आणि उचलायला कुणी पुढं येत नाही. दरबारात तेव्हाही असंच झालं होतं, पुस्तकात तसंच लिहिलंय. अखेर बाबा उठले. दाताच्या डॉक्टरांनी सुपारी बंद केल्यापासून त्यांनी पानाकडं नुसतंच पाहिलं होतं. त्यांनी वाकून विडा उचलला, सगळ्यांकडं एकदा करारी नजर टाकली, आणि आई "अहो" म्हणेपर्यंत तोंडात टाकला. महाराजांवर मात्र ते चालून गेले नाहीत. पुढं अर्धा तास त्यांच्यावर आई चालून गेली.

मुलुखमैदान तोफेची वाट सर्वांनी पाहिली होती. मराठीत दणकट वक्त्याला आपण हे नाव देतो, त्यामुळं तोफ आधी कानांवरून ओळखीची. शेर्झा बुरुजावर ती आडवी ठेवलेली आहे. पंचावन्न टन वजनाची, तोंडाशी जबडा फाकलेला सिंह, आणि त्याच्या दातांत अडकलेला एवढासा हत्ती. ती मूळची इथली नाहीच. 1549 मध्ये नगरला महंमद बिन हसन रूमीनं ती ओतली. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून 1632 मध्ये विजापूरला आली.

"म्हणजे आपली का त्यांची?" भाचा म्हणाला.

"बदलीवर आलेली," बाबा म्हणाले. पण त्यांना खरा आनंद पुढच्या नोंदीचा होता. 1854 साली इंग्रजांनी ही तोफ जुन्या सामानाबरोबर लिलावात काढली. सर्वांत मोठी बोली किती आली? दीडशे रुपये. एवढ्या कमी किमतीला द्यायची कशी, म्हणून विक्री रद्द झाली. भाचा सिंहाच्या दातांवरून हात फिरवत होता. पंचावन्न टन, दीडशे रुपये. त्यानं हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आपण घेतली असती," तो म्हणाला. "ठेवली कुठं असती?" आईनं विचारलं. दीडशेच्या पुढं बोली न करणाऱ्यांच्या घरीही हाच प्रश्न निघाला असेल.

शेवटी इब्राहीम रौजा. गोल घुमट पाहून आलेल्याला ही वास्तू आधी लहान वाटते आणि मग लहान वाटणं बंद होतं. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाची, म्हणजे गोल घुमटवाल्याच्या वडलांची, ही कबर. समोर मशीद, मध्ये हौद. खिडक्यांना दगडाच्या जाळ्या आहेत आणि त्या जाळ्या म्हणजे अक्षरं आहेत. दगड कोरून अक्षरं उरवलेली, त्यांच्या फटींतून आत उजेड येतो. मुलीनं इथं पहिल्यांदा फोन खाली केला आणि नुसती बघत बसली. बायकोचा तंबोरावाला बादशहाही हाच निघाला. त्यानं दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिली, तिची सुरुवात सरस्वतीच्या वंदनानं केली, आणि आपल्या तंबोऱ्याला मोतीखान असं नाव दिलं. त्याच्या हत्तीचं नाव आतशखान. भाच्यानं हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. तंबोऱ्याला खान म्हणणारा बादशहा त्याच्या कुठल्याच चित्रात बसत नव्हता.

याच वास्तूतल्या एका फारसी लेखात खर्च दिलेला आहे, आणि त्या रकमेसाठी बाबा सकाळपासून वही उराशी धरून फिरत होते. मलिक संदल या अधिकाऱ्यानं काम पुरं केलं. खर्च आला दीड लाख होन. आणि वर नऊशे.

"वर नऊशे!" बाबा पायरीवर बसले. त्यांना गहिवरून आलं होतं. "बादशहाचं काम. राणीचा हुकूम. दीड लाख लिहून मोकळं व्हायचं. कोण विचारणार होतं? पण नाही. वरचे नऊशे दगडात कोरून ठेवले." मग जरा वेळानं ते म्हणाले, "गोल आकड्यावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. गोल आकडा म्हणजे कुणीतरी बसल्या जागी लिहिलेला. वर किरकोळ रक्कम असली की समजावं, हा माणूस कामावर गेला होता."

तोपर्यंत मी विजापूर माझ्या परीनं गोळा करत होतो आणि ते नीट जुळत नव्हतं. बाबांच्या वाक्यानं जुळलं. चौथीच्या पुस्तकात विजापूर गोल आकड्यात असतं. आदिलशाही, शत्रू, बाकी शून्य. त्यात चूक काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला जमाखर्च शिकवायचा तर दीड लाखापासूनच सुरुवात करावी लागते, नऊशेपासून करता येत नाही. लढाई खरी, विडा खरा, प्रतापगड तर खराच खरा. पण त्या आकड्याच्या वर काही होन असतात आणि ते मिळतात गावात गेल्यावर. दाभोळचा याकूत, नगरची तोफ, तिची दीडशे रुपयांची बोली, देशी भाषेतली खतावणी, मोतीखान नावाचा तंबोरा. यांतल्या एकानंही मूळ रक्कम खोटी पडत नाही. उलट ती कुणी बसल्या जागी लिहिलेली नाही, एवढं कळतं.

आणि सहलीचंही तसंच. घरी आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? आपण सांगतो, गोल घुमट, इब्राहीम रौजा, मुलुखमैदान. हा झाला दीड लाख. तो कुठल्याही माहितीपत्रकात मिळतो, त्यासाठी गाडी करायची गरज नाही. सात मजले चढताना दोन अनोळखी बायकांनी एकमेकींच्या गुडघ्यांची केलेली विचारपूस माहितीपत्रकात मिळत नाही.

भाच्याची यादी अजून पुरी झाली नव्हती. खान राहिला होता. गावाच्या पश्चिमेला, वस्ती मागं पडल्यावर, अफझलखानानं स्वतःसाठी बांधलेली कबर आणि मशीद आहे. जवळच साठ कबरींची जागा. त्यांची गोष्ट ड्रायव्हरनं सांगायला घेतली तेव्हा आत्यानं भाच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दशम्यांचा डबा पुढं केला. सकाळपासून प्रथमच दशम्यांना भाव आला. खानाची कबर अर्धवट राहिलेली आहे, आणि रिकामी आहे. ती तशीच सोडून तो मोहिमेवर गेला आणि परत आला नाही. प्रतापगडाच्या पायथ्याला पुरलं त्याला, महाराजांच्या मुलखात. भाचा रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारून आला. सकाळी हाती आलं असतं तर या ठिकाणी त्यानं गादीच्या वळकटीवर करतो तसा विजय साजरा केला असता. आता तो मोहीम संपवून आलेल्या माणसासारखा गाडीत बसला आणि बूट काढले.

परतताना भीमेच्या पुलाच्या आसपास बाबांनी वहीत दिवसाचा खर्च मांडला. गाडी, तिकिटं, खानावळ, चहा, आत्यानं बाजारात घेतलेली चादर. शेवटी एक ओळ: पान, एक. त्यापुढं रक्कम नव्हती, कारण आत्यानं पैसे घेतले नव्हते. पण नोंद केली. आईनं ती वाचली आणि काही बोलली नाही, हेही नोंद करण्यासारखंच होतं.

रात्री बहिणीचा फोन आला. काय पाहिलंस म्हणून तिनं विचारलं. भाच्यानं घुमटाची उंची सांगितली नाही, सनही सांगितले नाहीत. आजीला कानडी येतं, तोफ कुणी दीडशेला घेतली नाही, राजाच्या तंबोऱ्याला नाव होतं, आजोबांनी विडा उचलला, असं तो एका दमात सांगत सुटला. बहिणीला त्यातलं काहीच कळेना. तिला चौथीचं पुस्तक पाठ होतं.

"अरे, पण अफझलखानाकडं गेला होतात ना? त्याचं काय?"

"गेलो होतो," भाचा म्हणाला. "पण तो घरी नव्हता. तो आपल्याकडंच असतो."